हातावर मीठ

माझ्या थोरल्या बहिणीच्या अंगावर तीन जुन्या खुणा हायत आणि तिन्ही मिठाच्या हायत. डाव्या भुवईत पितळीचा काठ बसला, ती एक. उजव्या हाताची करंगळी वाकडी हाय, ती उलथण्याच्या दांड्यानं. तिसरी खूण दिसत न्हाई. डावा कान. कानाखाली असली बसली की तवापास्नं त्या बाजूनं काय बोललं तरी तिला कळत न्हाई, नुसती मान हलवती. चोरी केली म्हणून न्हाई, तोंड वाजवलं म्हणून न्हाई. कालवणात मीठ कमी, बास, एवढ्यावरनं नवऱ्यानं केलेलं हे.

तिचं नाव भामाबाई. मी तिला आक्का म्हणते. माण तालुक्यात, दहिवडीच्या पुढं माळावर वस्ती हाय, तिथं तिला दिल्ती. मी मंगल. सांगलीत हळदीच्या गोदामात निवडायला जाते, त्यामुळं बोटं बारा म्हैने पिवळी. माझं तोंड खराब हाय आणि हातबी खराब हाय, हे आधीच सांगून ठेवते. गोदामातल्या मुकादमाला मी एकदा सूप फेकून मारलंय. तवा हे सगळं मी गोड बोलून सांगंन अशी आशा धरू नका.

आमची आई बनुबाई मेंढरामागं फिरलेली बाई. चूल तीन दगडांची, आज हितं तर उद्या तितं, पण त्या चुलीचे दोन नेम पक्के. देवाला निवद दाखवायच्या आधी कालवणाची चव बघायची न्हाई, उष्टं होतंय. मीठ वाफंच्या वासावर कळलं पायजे. आणि दुसरं, मीठ कुणाच्या हातावर द्यायचं न्हाई. खाली ठेवायचं, घेणाऱ्यानं उचलायचं. हातावर दिलं की देणाऱ्या-घेणाऱ्यात भांडण लागतंय.

मी पैलाच नेम मोडला. पळीतला थेंब तळहातावर घ्यायची आणि चाटायची. आईनं फुंकणीनं माझी पाठ सोलून काढली, तरी माझी सवय जाईना. आक्का मातर आईची लेक. एकदा मला म्हणली, "मंगे, देव उपाशी हाय अजून, आन तू चाटतीस?" मला आला राग. हातात तापलेली पळी हुती, तीच तिच्या दंडावर ठिवून दिली. फोड आला बघा टचकन. आईला कळलं असतं तर मला जित्ती गाडली असती. आक्का उठली, दंडावर पाणी घातलं, आणि परत भाकरी थापाय बसली. माझ्यावर हात न्हाई उचलला. तिला हात उचलायचं कवा जमलंच न्हाई.

आता सांगलीत आमच्या गल्लीत ह्यावरनं नळावर रोज वाद चालतोय. शेजारची राजेश्वरी त्याच चमच्यानं चव बघती आणि तोच चमचा परत पातेल्यात घालती. मला ते बघवत न्हाई. "तुझी थुंकी तुझ्या घरात गिळ," असं मी तिला तोंडावर म्हणलंय. ती म्हणती, उकळत्यात काय ऱ्हातंय व्हय थुंकीचं? कुणी म्हणती मीठ डोळ्यानं कळतं, कुणी म्हणती चिमटीनं. दोन शिव्या द्यायच्या, दोन घ्यायच्या आणि घागर उचलायची. मिठावरनं भांडण म्हंजे एवढंच, असं मलाबी वाटायचं.

आक्काचा नवरा हरिबा. आमचं दाजी. मिसरूड फुटेस्तोवर मेंढरं राखली, मग वाशीच्या बाजारात अठ्ठावीस वर्सं पोती वाहिली, आणि मग गावाकडं येऊन बसलं. माणूस पैल्यापास्नं हातघाईचा. सुट्टीला आलं की एकदा तरी आक्काला मारायचंच. पण एका गोष्टीत त्यांचं नाव हुतं. आमच्यात जत्रंचं, जावळाचं मटण बाप्येच शिजवतात, आणि भावकीत कुणाचंबी बोकड कापू दे, डेगीत मीठ टाकायला हरिबाच लागायचा. चव बघायची सोयच न्हाई, निवद ऱ्हायलेला. दाजी बोकड बघायचे, किती मुठी ते सांगायचे, आणि तेवढ्याच टाकायचे. चाळीस माणसं बोटं चाटत उठायची. "हरिबाची मूठ" म्हणायची माणसं.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटंत दाजी तापानं फणफणले, तीन आठवडे खाटंवर हुते. उठले, काठी टेकत हिंडाय लागले. सगळी म्हणली, वाचला बाबा. आणि तिथनं पुढं आक्काचं मरण सुरू झालं. आधी म्हैन्यातनं एकदा मार हुता, तो रोजचा झाला. सकाळी मिठावरनं, सांच्याला मिठावरनं.

गेल्या माघात आक्काच्या नातीचं जावळ हुतं. बाळाचे पैले केस काढायचे, बांधावरच्या म्हसोबाला बोकड द्यायचं, भावकी जेवू घालायची. मी आदल्या दिवशी दुपारी पोचले. पिशवीत नातीला अंगडं-टोपडं हुतं, पण खरं सांगू का, मी जावळाला गेलेच न्हवते. कानाचं आक्कानं माझ्यापास्नं लपवून ठिवल्तं, ते मला तिच्या सुनंनं, अपेक्षानं नुकतंच फोनवर सांगितल्तं. "मावशी, पुढच्या वक्ताला आत्यांचा जीव जाईल," म्हणली. मी आक्काला उचलून सांगलीला न्यायला गेल्ते. ती जित्ती हाय तवर.

मी गेले तवा आक्का चुलीपुढं बसल्ती. हुलग्याचं कालवण रटरटत हुतं. तिनं वाफंवर नाक धरलं, डोळं झाकलं, बरणीतनं मीठ घेतलं आणि सोडलं.

"चव बघ की गं," मी म्हणलं.

तिनं नुसती मान हलवली. मी डाव्या बाजूला बसल्ते. उजवीकडं सरकले आणि परत म्हणलं.

"देव उपाशी हाय," ती म्हणली.

"देवाचं देव बघंल. आधी तुझी पाठ वाचव."

ती हसली. हसताना भुवईवरची खूण वर गेली.

दाजी आले, हात धुतला, पाटावर बसले. आक्कानं पितळीत भाकरी चुरून कालवण वाढलं. आणि मग जे झालं ते मी डोळ्यानं बघितलं. अपेक्षानं पोरगी उचलली आणि न सांगता अंगणात गेली. आक्का दोन पावलं मागं सरली, भिंतीला टेकली, आणि तिचा डावा कोपर आपसूक वर आला, कानावर. घास अजून दाजींच्या तोंडाला लागला न्हवता, तवर हिचा कोपर वर.

दाजींनी घास घेतला. चावला. जबडा थांबला.

"मीठ कुनाच्या मढ्यावर घातलंस गं?"

पितळी उडाली. कढत कालवण आक्काच्या गळ्यावर, पितळी खांद्यावर. ती वाकली तवर दाजींनी तिचा अंबाडा धरला आणि डोकं चौकटीवर आपटलं. एकदा, दोनदा. आवाज असा आला की मला अजून झोपंत ऐकू येतोय. आक्का वरडत न्हवती. नुसतं "आवं, आवं" म्हणत हुती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चुलीपुढचं जळाऊ लाकूड उचललं आणि दाजींच्या पाठीत घातलं. लाकूड मोडलं. ते वळले, मला छातीवर ढकललं, मी जात्यावर जाऊन पडले आणि ओठ फुटला. तरी उठले आणि मनगटाला चावले त्यांच्या, दात रुतंस्तोवर. तेवढ्यात सूरज, आक्काचा ल्योक, वाशीवरनं दोन दिसांच्या सुट्टीवर आलेला, धावत आत आला आणि त्यानं बापाला मागनं कवळा घातला.

"आबा, आबा, पावणी हाय घरात!"

पावणी हाय म्हणून थांबा म्हणला. आय हाय म्हणून न्हाई. ते मी टिपून ठेवलं.

सगळी पांगल्यावर मी पळीत कालवण घेतलं, तळहातावर ओतलं आणि चाटलं. फुटलेल्या ओठाला झोंबलं. मीठ बरुबर हुतं. रेसभर कमी न्हाई, रेसभर जास्त न्हाई. आमच्या आईचा हात. मग हा मुडदा मारतो कशाला?

चार वाजता दाजी बाहेरनं वरडले, "चा करा गं कुनीतरी." मीच उठले. साखरंच्या डब्याकडं हात गेला आणि मनात आलं, थांब तुझ्या. मीठ पायजे का तुला? दोन चमचे खडेमीठ कुटून चहात घातलं, साखर कणभरसुदा न्हाई. म्हणलं ओकू दे, आतडी बाहेर पडू दे. कपबशी पुढ्यात ठिवली आणि दाराशी मोडकं लाकूड घेऊन उभी ऱ्हायले. उठला की घालायचंच.

दाजींनी बशीत ओतला. फुर्र केलं. दुसरी बशी. तिसरी. मिशा पुसल्या आणि म्हणले, "साखर जरा हात राखूनच घातलीस की मेव्हणे."

माझ्या हातातलं लाकूड खाली पडलं. तो माणूस मिठाचा चहा पिऊन वर साखर मागत हुता.

आक्का घरामागं मेंढरांच्या वाडग्यात कोकरांना पाला घालत हुती. गळ्यावर कालवणाचा लाल डाग चढल्ता. मी उजव्या कानाशी गेले आणि सांगितलं. "आक्का, दाजीची जीभ मेलीय. त्याला कशाचीच चव लागत न्हाई."

तिनं पाला घालायचं थांबवलं न्हाई. "मला ठाव हाय," म्हणली. "दोन वर्सं झाली."

"आं?"

"उनाळ्यात कालवन आंबून फेस आल्ता. शेरडाला घालाया भाईर ठिवल्तं. त्येनी भाकरीसंगं पुसून खाल्लं, आन ढेकर दिली. तवाच कळलं."

"मग सांगायचं न्हाई व्हय त्याला?"

"सांगितलं की. त्याच दिशी कान गेला."

मी कोकरांपुढचा पाला लाथंनं उडवला. मग म्हणलं, "मग मर म्हणावं! वत त्याच्या ताटात मूठभर मीठ! मार तरी थांबंल."

आक्का पैल्यांदा माझ्याकडं वळली. "ते बी केलं. एक पळी त्येचं कालवन येगळं काढायची, आन त्येच्यादेखत त्यात मीठ वतायची. मिठाचा ढीग डोळ्याला दिसला की गप गिळायचं. पंधरा दिस, मंगे. पंधरा दिस अंगाला हात लागला न्हाई. म्या केस मोकळं सोडून उनात बसायची. केस धरून कोन वढंल ह्येचं भ्याच न्हवतं." तिनं पाल्याची दुसरी फांदी वढली. "आन मग एक दिस अंगनात पडलं. त्वांड वाकडं. दवाखान्यात न्हेलं तर बीपी दोनशे धा. डाक्टर म्हनला, ह्येंच्या जेवनात एवढं मीठ कोन घालतंय? समदी माझ्याकडं बघाय लागली."

"मग?"

"मग काय. त्यो मला हातानं मारत हुता, म्या त्येला मिठानं मारत हुते. मला न्हाई जमलं बाई. पयल्यासारकं बरुबर मीठ घालाय लागले. त्वांड सरळ झालं तसा हात बी सुरू झाला."

ऐकून मला असा संताप आला, असा संताप आला की मी आक्काच्या मुस्काडात मारली. होय, मीच. त्या मार खाल्लेल्या बाईला मी परत मारलं. "मरू द्यायचा हुतास की! तुझा कान गेला, डोळा जाता जाता ऱ्हायला, आणि तू त्याचं बीपी सांभाळतीस? चल. आत्ताच्या आत्ता चल सांगलीला."

आणि बघितलं तर तिचा कोपर वर. माझ्यासाठी. लहानपणी तापल्या पळीला जिनं हात आडवा घातला न्हवता तिनं. मी तिच्या गळ्यात पडून कुत्र्यागत रडले.

"म्या गेले तर चुलीपुढं कोन बसंल?" ती माझ्या डोक्यावरनं हात फिरवत म्हणली. "अपेक्षा. सूरज वाशीला, ही हितं. त्यो म्हनंल मीठ टाक. टाकलं तर त्यो जाईल, न्हाई टाकलं तर ही मार खाईल. लेकुरवाळी हाय ती."

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीचे केस काढले. म्हसोबापुढं बोकड कापलं. बांधाकडंला तीन धोंड्यांवर डेग चढली, आणि भावकी बाभळीखाली जमली. चाळीस-पंचेचाळीस माणसं. बाप्ये डेगीभवती, बाया लांब भाकऱ्या थापत. दाजींचा चुलतभाऊ आकाराम जाळ सारत हुता. मटण शिजत आलं तसं तो म्हणला, "हरिबा, बोल. किती मुठी?"

"चार," दाजी म्हणले. धोतराचा सोगा खोचला आणि पुढं झाले. मिठाचं पोतं शेजारी फाडून ठिवल्तं.

एक मूठ. दोन. आक्का माझ्या शेजारी भाकरी थापत हुती. तिचे ओठ हलत हुते, ती मुठी मोजत हुती. तीन. चार. दाजींनी हात झाडला आणि वाफंवर नाक धरलं. मी लांबून बघत हुते. त्या माणसाच्या तोंडावर मी पैल्यांदा भ्या बघितलं. वासबी लागत नसंल त्याला. घरचं कालवण रोज अळणी, मग हे तरी बरुबर कशावरनं? आपल्या मुठीवरनंच त्याचा इस्वास उडाला हुता. हात परत पोत्यात गेला. पाच.

"दादा, चार म्हनलास की," आकाराम म्हणला.

"ह्या वक्ताचं मीठच अळनी हाय," दाजी म्हणले. सहा.

हात परत पोत्यात गेला. आक्काच्या हातातली भाकरी परातीत पडली. ती उठली. पिठाचे हात तसेच, बाप्यांच्या घोळक्यातनं सरळ डेगीपाशी गेली. आमच्यात बाई त्या डेगीजवळ जात न्हाई. माणसं बाजूला सरली.

"आवं," ती म्हणली, "बास. सा झाल्या."

दाजींनी मागंपुढं बघितलं न्हाई. डेग ढवळायचं लोखंडी उलथणं हातात हुतं, तेच आडवं फिरवलं. आक्काच्या डोक्यावर बसलं. ती गुडघ्यावर आली. रगत केसांतनं कानापुढनं वाहत हनुवटीवर आलं. बाया किंचाळल्या. मी परात घेऊन धावले. दाजींनी परत उलथणं उचललं, आणि ते हवेतच थांबलं. सूरजनं मनगट धरल्तं.

"आबा," तो म्हणला. त्याचा आवाज फाटल्ता. "आय हाय ती."

दाजींनी झटका दिला, सूरजनं सोडलं न्हाई. उलथणं खाली पडलं.

आक्का उठली. पदरानं रगत पुसलं न्हाई. डेगीतनं पळीभर रस्सा काढला, तळहातावर ओतला, फुंकर घातली, आणि सगळ्या भावकीदेखत चाटला.

"निवद दावला न्हाई अजून!" मागनं कुणीतरी म्हातारं वरडलं. "उष्टं केलंस की गं रांडं!"

"देवाला खारट खाऊ घालन्यापरीस उष्टं बरं," आक्का म्हणली. एवढ्या मोठ्यांदा बोलताना मी तिला कवाच ऐकलं न्हवतं. "दोन मुठी ज्यादा झाल्यात. आकाराम भावजी, दोन घागरी पानी वता." मग दाजींकडं वळली. "ह्येंची जीभ गेली हाय. साथीपास्नं. ह्येंला काय बी लागत न्हाई. घरात मीठ बरुबर असतंय, आन म्या रोज मार खाती."

आकाराम उचललेली घागर तशीच धरून उभा ऱ्हायला.

"खोटं," दाजी म्हणले. "खोटं बोलती सटवी."

आक्कानं पोत्यातनं मूठभर खडेमीठ घेतलं. "धरा हात."

मला माझी आई आठवली, फुंकणी आठवली. दाजींचा हात पुढं आला. येणार न्हाई तर काय, पंचेचाळीस माणसं बघत हुती. आणि माझ्या बहिणीनं, जिनं जल्मात कुणाच्या हातावर मिठाचा खडा दिला न्हवता, तिनं नवऱ्याच्या हातावर मूठ मोकळी केली.

"खावा," ती म्हणली. "खारट लागलं तर मला हितंच मारून टाका. म्या हात आडवा घालनार न्हाई."

दाजींनी सगळ्यांकडं बघितलं आणि मूठ तोंडात कोंबली. कडाकडा चावलं, फुटाणे खाल्ल्यागत. तोंड वाकडं न्हाई, डोळा मिटला न्हाई, थुंकले न्हाईत. चावतच ऱ्हायले. आकारामनं मान फिरवली. मोठमोठी माणसं, कुणी खाली बघतंय, कुणी बाभळीकडं.

"लागतंय," दाजी म्हणले. मिशीला मीठ चिकटल्तं. "लागतंय की खारट."

ते परत म्हणले, "लागतंय," आणि आवाज बसला, आणि डोळ्यांतनं पाणी आलं. ते मिठानं न्हवतं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाबी कळलं असतं. मला दया आली का? न्हाई आली. खोटं कशाला बोलू.

आक्कानं पाण्याच्या डोणीवर जाऊन डोकं धुतलं. अपेक्षानं जखमंत हळद भरली, माझ्याच गोदामातली, मीच नेलेली. सूरज आईपाशी आला, खाली बघून म्हणला, "आय, म्या अपेक्षाला आन पोरीला घेऊन जातो वाशीला. तू तुझं बघ." आक्कानं त्याच्या तोंडावरनं हात फिरवला, घरात गेली, दोन लुगडी पिशवीत घातली आणि मला म्हणली, "चल, गाडी चुकंल." निघताना मिठाची बरणी तेवढी तिनं फडताळातनं काढली आणि दाजींच्या खाटंपाशी भुईवर ठिवली. झाकण उघडंच ठिवलं.

आता ती माझ्याकडं हाय. दाजींना आकारामच्या घरनं भाकरी जाते, मीठ ते आपलं आपण घेतात म्हणं. किती घेतात ते मला ठाव न्हाई आणि मला विचारायचंबी न्हाई. आक्का मातर दर सोमवारी आकारामकडं फोन लावती, आणि मी तवा मुद्दाम भांडी आपटते.

पैल्या दिवशी तिनं माझ्यापुढं ताट वाढलं. पालेभाजी, भाकरी, आमटी. वाढलं, आणि दोन पावलं मागं सरून भिंतीला टेकली. कोपर कानावर. माझा घास हातातच ऱ्हायला.

"आक्का, मी हाय. मंगी."

"व्हय की," ती म्हणली. पण कोपर खाली येईना. तिलाच ठाव न्हवतं की तो वर हाय.

तवापास्नं मी नेम केला. पैला घास तोंडात घालायचा आणि चावायच्या आधी मोठ्यांदा सांगायचं, "मीठ बरुबर हाय." मग कोपर खाली यायचा, मग ती बसायची. दोन्ही वक्ताला. राजेश्वरी खिडकीतनं म्हणायची, काय गं, रोज काय बातम्या देतीस? मी तिलाबी शिव्या दिल्या. आठ म्हैने असं चाललं. एकदा मीठ जास्त पडल्तं, घशाखाली उतरंना, तरी म्हणलं बरुबर हाय, आणि मग दोन तांबे पाणी पिले.

परवा ऐतवारी तिनं वाटाण्याचं कालवण केलं. ताट वाढलं, मागं सरली. मी घास घेतला. बरणीला हातच लागला नसणार, घासात मिठाचा कणबी न्हवता. मी गिळला आणि म्हणलं, "मीठ बरुबर हाय."

आक्का बसली. तिनं आपलं वाढून घेतलं, घास घेतला आणि चावायची थांबली. माझ्याकडं बघितलं. उठली, पातेल्यापाशी गेली, पळीत कालवण घेतलं, तळहातावर ओतलं, चाटलं.

"मंगे," ती म्हणली, "ह्यात मीठच न्हाई की गं!"

"हाय की. थोडं कमी असंल."

"खोटारडे! आठ म्हैनं माझ्याशी खोटं बोलतीस व्हय?" आणि हातातली ती पळी, कालवणानं भरलेली, गरम, तिनं माझ्या दंडावर सपकन हाणली.

पन्नास वर्सांत पैल्यांदा. आमच्या आक्कानं हात उचलला, तोबी मिठावरनं, आणि तिचा कोपर कुठं वर न्हवता. मी दंड चोळत तिच्याकडं बघत बसले, आणि ती परत पळी उगारून म्हणली, "बघतीस काय भवाने? जा, बरणी घेऊन ये."

मी उठले आणि मुकाट्यानं बरणी आणून तिच्या हातात दिली.